बॅरिस्टर अंतुले: झपाटा, सिमेंट आणि कायद्याची पुस्तकं

सावित्रीकाठचा

आमच्या म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात नुसतं 'बॅरिस्टर' म्हटलं की पुढे नाव लावावं लागत नाही. वकील पुष्कळ झाले, बॅरिस्टर एकच. परवा घरी सगळे बसलो होतो. भाचा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं सहज विचारलं, "मामा, ते नायक विरुद्ध अंतुले खटल्यातले अंतुले म्हणजे आपल्या आंबेतचेच का?" त्याला एवढंच ठाऊक होतं. माझ्या वडिलांना बाकीचं सगळं ठाऊक, पण बॅरिस्टरांचं नाव पोरांना परीक्षेला असतं हे त्यांना नवीनच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. म्हणून हा धागा.

जन्म ९ फेब्रुवारी १९२९, आंबेत. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार, पुढे राज्यात मंत्री, १९७६ ला राज्यसभा. १९७८ च्या फुटीत महाराष्ट्रातले बहुतेक मातब्बर इंदिराजींना सोडून गेले, हे राहिले. त्याचं फळ दोन वर्षांत मिळालं. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं, निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि ९ जून १९८० ला अंतुल्यांनी शपथ घेतली. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि आजवरचे एकमेव.

हाताशी साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, पश्चिम महाराष्ट्रातली सोयरीक नाही. भांडवल म्हणजे दिल्लीचा विश्वास, आणि तो किती दिवस टिकेल हे कुणी सांगावं? त्यांच्या घाईचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

जेमतेम १९ महिने मिळाले. तेवढ्यात निराधारांना मासिक अनुदान सुरू झालं (संजय गांधी जून १९८० मध्ये विमान अपघातात गेले, योजनेला त्यांचं नाव). लहान शेतकऱ्यांची कर्जं माफ झाली. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. त्याच वर्षी १ मे ला सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे. औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला बसलं, त्यामागेही याच सरकारचा रेटा होता.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला. आरोप असा की अंतुल्यांच्या प्रतिष्ठानांना देणग्या देणाऱ्यांना सिमेंटचा कोटा मिळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. त्यांची चांगली कामं एका वहीत आणि सिमेंट दुसऱ्या वहीत, असं मला मांडता येत नाही. फाईल फिरायची वाट बघायची नाही, ही एकच सवय दोन्हीकडे दिसते. म्हातारीच्या अर्जावर उभ्या उभ्या शेरा मारणारा हात आणि सिमेंटच्या कोट्यावर सही करणारा हात एकच.

दादरचा जुना भाडेकरू

धागा चांगला, पण आजच्या पोरांना सिमेंटमध्ये घोटाळा कसला होतो हेच कळणार नाही. हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला की पोती दारात. तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं. भाव बांधलेला, राज्याला कोटा केंद्राकडून, आणि राज्यात कुणाला किती द्यायचं हे मंत्रालय ठरवणार. घराला गिलावा करायचा तरी परमिट. आमच्या वडिलांनी गावच्या घराला एक खोली वाढवायला अर्ज केला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, शेवटी भिंत मातीतच चढली आणि वर चुना मारला. तीच पोती काळ्या बाजारात हवी तेवढी मिळत होती, फक्त भाव विचारायची हिंमत पाहिजे.

म्हणजे परमिट हाच पैसा होता. बांधलेला भाव आणि बाजारातला भाव यांच्यात जी फट होती, ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात टांकसाळ. बिल्डरांनी प्रतिष्ठानांना देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळालं, हा आरोप. या प्रतिष्ठानांतलं सर्वांत गाजलेलं म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. उद्देश काय, तर कलावंत-साहित्यिकांना मदत! नाव पंतप्रधानांचं, त्यामुळे नाही कोण म्हणणार? साखर कारखान्यांकडूनही पैसे गोळा झाले.

२८ फेब्रुवारी १९८२ ला केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, म्हणजे अंतुल्यांचा राजीनामा झाल्यावर दीड महिन्यानं. फट थोडी आधी बुजली असती तर हे प्रकरण झालंच नसतं, असं आमचे एक शेजारी म्हणायचे. मी म्हणायचो, दुसरी फट शोधली असती.

शंकासूर

सावित्रीकाठचा, 'सवय', 'झपाटा' हे शब्द फार गोड आहेत हो. माणूस तुमच्या गावचा, समजू शकतो. पण मुख्यमंत्र्यानं स्वतः विश्वस्त असलेल्या संस्थेला पैसे द्यायला लावायचे आणि दुसऱ्या हातानं टंचाईतला माल वाटायचा, याला घाई म्हणत नाहीत. घाईत माणूस चुकीच्या गाडीत बसतो. इथे तिकीट काढून, आरक्षण करून बसलेत.

सावित्रीकाठचा

शंकासूर, मान्य. घाई म्हणजे निर्दोष, असं मला म्हणायचं नव्हतं. उलट जास्त वाईट म्हणायचं होतं. त्यांना वाटत होतं की हेतू 'चांगला' आहे, म्हणजे रीत विचारायची गरज नाही. पैसा खिशात न जाता प्रतिष्ठानात जातोय, मग अडचण काय?

दुसरं असं की कारखानदार पुढाऱ्यांकडे हीच व्यवस्था आधीपासून होती. कारखाना, शिक्षणसंस्था, दूध संघ. तिथे पैसा कसा येतो नि कुणाला नोकरी मिळते हे सगळं उघड गुपित. कोकणातल्या माणसाकडे तसलं काही नव्हतं, म्हणून त्यांनी वर्षभरात कागदावर उभं केलं. बाकीच्यांना जे करायला वीस वर्षं लागली ते यांनी वीस महिन्यांत करायला घेतलं, आणि म्हणून ते दिसलं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

कलम_एकवीस

भाच्याला माझा नमस्कार सांगा. शिकवतो म्हणून थोडं लांबेल, माफ करा. या माणसानं १९ महिन्यांत जेवढे शासन निर्णय काढले असतील ते असोत, पण त्यांच्या नावावर कायद्याचे जे दंडक तयार झाले तेवढे फार कमी राजकारण्यांच्या वाट्याला आले असतील.

आधी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत नको. पहिली, उच्च न्यायालयातली रिट याचिका. जनता पक्षाचे प. बा. सामंत वगैरे याचिकाकर्ते. १२ जानेवारी १९८२ ला न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध होता, देणाऱ्याला माल मिळाला. त्याच दिवशी राजीनामा. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या १९८६ च्या भेसळयुक्त औषधाच्या मृत्यूंची चौकशी करायला बसले. तो अहवालही वाचण्यासारखा आहे.) हा निकाल म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे, हे लक्षात घ्या. पुष्कळ ठिकाणी तसं छापलेलं दिसतं.

दुसरी, फौजदारी तक्रार. ती केली भाजपचे रामदास नायक यांनी, सप्टेंबर १९८१ मध्ये, म्हणजे अंतुले खुर्चीवर असतानाच. इथून खरी गंमत सुरू होते.

पहिला प्रश्न, मुख्यमंत्र्यावर खटला भरायला राज्यपालांची मंजुरी लागते, ती राज्यपालांनी कुणाच्या सल्ल्यानं द्यायची? मंत्रिमंडळाच्या? म्हणजे आरोपीच्याच मंत्रिमंडळाच्या? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा वेळी राज्यपाल स्वतःच्या विवेकानं ठरवतील, हे सरकारच्या वकिलांनी उच्च न्यायालयात कबूल केल्याची नोंद निकालात होती. मग सर्वोच्च न्यायालयात म्हणाले, आम्ही असं कबूल केलंच नव्हतं. न्यायालय म्हणालं, न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं म्हणजे तेच अंतिम. आजही कुठला वकील 'मी तसं म्हणालो नव्हतो' म्हणायला लागला की समोरचा हाच निकाल काढतो. जुलै १९८२ मध्ये मंजुरी मिळाली.

पुढे विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये अंतुल्यांना सोडून दिलं. कारण काय, तर ते अजून आमदार आहेत, आमदार लोकसेवक असतो, आणि त्या पदासाठीची मंजुरी घेतलेली नाही. १६ फेब्रुवारी १९८४ ला घटनापीठानं ते उलटवलं. आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ च्या अर्थानं लोकसेवक नाही, आणि ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटलं असेल तर तेव्हाच्या कायद्यानं मंजुरी लागतच नव्हती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात आणखी एक सांगितलं, जे मला सर्वांत मोलाचं वाटतं. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात कुणीही साधा नागरिक विशेष न्यायालयात थेट तक्रार करू शकतो, पोलिसांच्या दाराशी ताटकळायची गरज नाही.

पण आमदाराबद्दलच्या त्या पहिल्या निकालात न्यायालयानं एक जास्तीचं केलं. खटल्याला उशीर झालाय म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू चांगला, लवकर निकाल लागावा हाच. बाकीचं जेवून आल्यावर लिहितो.

बेळगावचा_पाहुणा

कलम सर जेवून येईपर्यंत आमच्याकडचं एक. सीमाभागातली जुनी माणसं अंतुल्यांचं नाव वेगळ्या कारणासाठी घेतात. सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवलं, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. त्या अहवालात एका गावाला एक कसोटी आणि दुसऱ्याला दुसरी कशी लावली, हे दाखवणारं पुस्तक अंतुल्यांनी लिहिलं. नकाशे, आकडे, तर्क, सगळं वकिली बाजानं. घोषणा देणारे पुष्कळ होते, अहवाल कागदावर फाडणारा हा एक. आमच्या आजोबांकडे प्रत होती, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट.

दादरचा जुना भाडेकरू

आणि भवानी तलवार विसरलात काय मंडळी! लंडनहून परत आणतो म्हणाले. त्या काळी रोज पेपरात तलवार. तिकडे राजघराण्याच्या संग्रहात आहे ती जगदंबा, १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरकडून तेव्हाच्या युवराजाला भेट गेलेली, ती भवानी नव्हेच, असं इतिहासवाले कानीकपाळी ओरडत होते. ऐकतो कोण! तलवार आली नाहीच. सिमेंट आलं.

मांजराकाठ

लातूर जिल्हाही अंतुल्यांनीच केला ना? आमच्याकडे तसंच सांगतात.

सावित्रीकाठचा

नाही दादा. लातूर आणि गडचिरोली ऑगस्ट १९८२ चे. तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. अंतुल्यांचे सिंधुदुर्ग आणि जालना.

कलम_एकवीस

आलो. तर खटला उच्च न्यायालयात चालला, आरोप निश्चित झाले, बरेच साक्षीदार झाले. आणि २९ एप्रिल १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की १९८४ चा आमचाच आदेश चुकला. १९५२ च्या कायद्यानुसार हा खटला फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतो. उच्च न्यायालयाकडे दिल्यानं आरोपीचा अपिलाचा एक टप्पा बुडाला. समानतेचा आणि जीविताचा हक्क दुखावला. न्यायालयाच्या चुकीनं कुणाचं नुकसान होता कामा नये, हे तत्त्व त्यात आहे. झालं, खटला पुन्हा पहिल्या पायरीवर.

आता सावित्रीकाठच्यांचं म्हणणं इथे लावून बघा. लवकर व्हावं म्हणून न्यायालयानं रीत ओलांडली आणि त्यातून वर्षं वाया गेली. अंतुल्यांच्याच रोगाची लागण त्यांच्या खटल्याला झाली, आणि सुटका कशानं झाली, तर कार्यपद्धतीनं! ज्या गोष्टीकडे या माणसानं मंत्रालयात ढुंकून बघितलं नाही, तिनंच त्याला कोर्टात हात दिला.

शेवटचा निकाल डिसेंबर १९९१ चा, पुस्तकांत १९९२ च्या खंडात सापडतो. पुन्हा घटनापीठ. खटला जलद चालणं हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, पण अमुक वर्षांत संपलाच पाहिजे असा आकडा घालता येत नाही, उशीर कुणामुळे झाला ते बघायचं. जामिनाच्या, रखडलेल्या खटल्यांच्या अर्जांत आजही हे नाव रोज घेतलं जातं. अंतुल्यांना स्वतःला शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही.

तक्रारदार रामदास नायक यांची मात्र २५ ऑगस्ट १९९४ ला वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली. ते काम गुन्हेगारी टोळीचं, या खटल्याशी त्याचा संबंध जोडू नये. पण ज्या माणसानं तेरा वर्षं तो लढवला त्याचं नाव फक्त खटल्याच्या शीर्षकात उरलंय, याचं वाईट वाटतं.

पायवाट

सगळे सिमेंटवर बोलताय, फुटपाथवर कुणीच नाही. १३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवणार. कारण ऐका. पावसाळ्यात असल्या आडोशाखाली राहणं अमानुष आहे म्हणून! आणि पाठवायचं कधी, तर भर जुलैत. झोपड्या मोडल्या, माणसं एसटीच्या गाड्यांत भरली. आठवड्याभरात लोक उच्च न्यायालयात गेले, तात्पुरती मनाई मिळाली.

तुम्ही निराधार योजनेच्या म्हातारीबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. पण त्याच हातानं दुसऱ्या म्हातारीला गाडीत बसवलं हेही लिहा. ती निराधार नव्हती का? का मतदारसंघातली नव्हती म्हणून?

कलम_एकवीस

पायवाट, शाब्बास, हा माझ्याकडून सुटला. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, १० जुलै १९८५. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं इथे सांगितलं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ. मात्र निकालाचा शेवट पोरं वाचत नाहीत. फुटपाथवर राहायचा हक्क कुणाला नाही, फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, हटवू नका, असा तो शेवट. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेची ओळखपत्रं होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली.

शंकासूर

म्हणजे पावसाळा बघायचं काम शेवटी न्यायालयानं केलं.

सावित्रीकाठचा

पायवाट, खरंय. तुमची ओळ मला लागली. मी लिहिताना फुटपाथचं प्रकरण डोक्यात होतं आणि तरी वगळलं. वडील वाचणार म्हणून असेल.

दादरचा जुना भाडेकरू

राजीनाम्याबद्दल एक. आज हसू येईल, पण निकाल आला त्या दिवशी मुख्यमंत्री गेला. पुढे १९८६ मध्ये निलंगेकर गेले, मुलीच्या एमडीच्या गुणवाढीच्या प्रकरणात. तेही उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांवरून. आता न्यायालयानं काही म्हटलं की 'निकालाचा अभ्यास करू' म्हणतात आणि अभ्यास संपेस्तोवर मुदत संपते.

आणि अंतुले गेले त्याच आठवड्यात, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. नवे मुख्यमंत्री २१ तारखेला आले. मुंबईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संप लागला तेव्हा खुर्चीवर धड कुणी नव्हतं. अंतुले असते तर संप मिटला असता असं म्हणणारे गिरणगावात होते. मला तसं वाटत नाही, पण म्हणायचे.

शंकासूर

२००८ राहिलं. केंद्रात अल्पसंख्याक मंत्री होते, हे खातं जानेवारी २००६ मध्ये निघालं तेव्हापासून. २६/११ ला तीन आठवडे होतात न होतात तोच म्हणाले, हल्ल्यात मारले गेलेले एटीएस प्रमुख हेमंत करकरे ताज-ओबेरॉयकडे न जाता कामा रुग्णालयाच्या गल्लीकडे कसे गेले, कुणी पाठवलं, याची चौकशी हवी. करकरे तेव्हा मालेगावच्या बॉम्बस्फोटाचा तपास करत होते, त्यामुळे रोख कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. संसदेत गोंधळ, राजीनामा देऊ केला. गृहमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन करून संशयाला जागा नाही म्हटलं, मग हे म्हणाले माझं समाधान झालं. ऐंशीच्या घरातल्या बॅरिस्टरला पुराव्याशिवाय बोलू नये हे सांगायला हवं होतं?

बेळगावचा_पाहुणा

प्रश्न विचारणं वेगळं आणि मंत्रिपदावरून विचारणं वेगळं. बाहेरच्या कुणी विचारलं असतं तर चाललं असतं. मंत्र्यानं फाईल मागवायची असते, माईक नाही.

सावित्रीकाठचा

इथे मी बचाव करणार नाही. फक्त एवढंच की तोच जुना माणूस दिसतो. मनात आलं, बोलून टाकलं, कागद मागाहून.

निवडणुकांचं सांगून थांबतो, कारण कुणीतरी विचारणारच. सिमेंटनंतर संपले असं सगळे समजत होते. १९८९, १९९१, १९९६ असे सलग तीनदा लोकसभेला निवडून आले, १९९५-९६ मध्ये नरसिंह रावांकडे आरोग्यमंत्री झाले. १९९८ ला शेकापचे रामशेठ ठाकूर आले, २००४ ला पुन्हा अंतुले. आमच्याकडे लोकांनी सिमेंटवर मत दिलं नाही. कुणाचा पूल झाला होता, कुणाचा मुलगा नोकरीला लागला होता, कुणाच्या आईला दरमहा पैसे येत होते.

यात एक गंमत आहे. जिल्ह्याचं नाव यांनी १९८१ मध्येच रायगड केलं, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव तसंच राहिलं. त्यामुळे कुलाबा पुसून टाकणारे अंतुले चारही वेळा कुलाब्याचेच खासदार होते. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ शेवटी 'रायगड' झाला. २००९ ला त्याची पहिली निवडणूक, अनंत गीतेंनी त्यांना पाडलं.

मांजराकाठ

पाहिलं, लातूर ऑगस्ट १९८२ च. वडिलांना सांगितलं. म्हणाले, "असेल, पण ठरवलं अंतुल्यांनीच."